सांभाळून घेणारा दोषी कसा ठरतो

१९६७ सालची फोर्ड मस्टँग. अमेरिकेत अशी गाडी घरच्या गॅरेजमध्ये जपून ठेवणारे आणि सुट्टीच्या दिवशी बाहेर काढणारे लोक पुष्कळ आहेत. समजा, त्यांच्यातल्या एकाने तिचा जुना कार्ब्युरेटर काढला आणि त्या जागी बाजारात तयार मिळणारा फ्युएल इंजेक्शनचा संच बसवला. हे संच दिसायला कार्ब्युरेटरसारखेच असतात. त्याच बोल्टांवर बसतात, वर एअर क्लीनरही जुनाच चालतो. आत मात्र इंजेक्टर असतात, एक छोटा संगणक असतो. एक्झॉस्टच्या पाइपात भोक पाडून एक ऑक्सिजन सेन्सर बसवायचा आणि डॅशबोर्डापाशी तळहाताएवढा स्क्रीन लावायचा, की झालं. पुढचं गाडी स्वतःच शिकते, असं खोक्यावर लिहिलेलं असतं.

पहिले काही दिवस मजेत जातात. मग एका सकाळी सेल्फ मारमारून गाडी सुरू होत नाही. सिग्नलला उभी असताना इंजिन वरखाली होतं. मागून पेट्रोलचा वास येतो. एकदा भर चौकात ती बंद पडते. मालक वैतागतो, मित्र जमतात आणि निकाल लागतो: इंजेक्शन बोगस आहे. पुरावा काय? एकच वाक्य. ‘आधी हे नव्हतं.’

हा लेख त्या वाक्याविषयी आहे. तुम्ही मस्टँग चालवत नसाल. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर घेतलेली बाइक तुमच्याकडे असेल, तर तिच्यातही बहुधा हीच यंत्रणा आहे. आणि बाइक नसली तरी ‘आधी हे नव्हतं’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल, आणि कदाचित ते तुम्हालाच उद्देशून म्हटलेलं असेल.

फांदी आधीच कुजलेली होती

एखादी गोष्ट दुसरीच्या मागून घडली म्हणून ती तिच्यामुळे घडली असं नाही, हे आपल्याला शाळेतच शिकवतात. त्यासाठी आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला ही म्हण तयार आहे. पण इथे ती म्हण पुरत नाही. म्हणीतला कावळा योगायोगाने बसतो. मस्टँगच्या बाबतीत फांदी खरोखर कावळ्याच्या वजनानेच तुटलेली असू शकते. इंजेक्शन बसवलं नसतं तर ती सकाळी सुरू झाली असती, हे अगदी खरं. प्रश्न असा आहे, की फांदी आतून कुजलेली असेल तर तुटण्याचा दोष कावळ्याला द्यायचा का?

आधी कुजणं म्हणजे काय ते पाहू. कार्ब्युरेटरला वीज लागत नाही. इंजिन हवा ओढतं, अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या कमी दाबाकडे पेट्रोल ओढलं जातं. सगळं काम हवेचं. त्यामुळे बॅटरी आणि इंजिन यांच्यातली अर्थिंगची पट्टी पन्नास वर्षांच्या रंगाखाली आणि गंजाखाली अर्धीमुर्धी चिकटून असली, तरी कार्ब्युरेटरला त्याचा पत्ता नसतो. फार तर दिवे थोडे मंद लागतात. जुनी गाडी आहे, चालायचंच.

इंजेक्शनचा संगणक वेगळ्या जगात राहतो. त्याचे बरेचसे सेन्सर शून्य ते पाच व्होल्टच्या मधल्या आकड्यांत बोलतात. तापमान किती, थ्रॉटल किती उघडा, मॅनिफोल्डमध्ये दाब किती, हे सगळं त्या पाच व्होल्टांत मावलेलं असतं. तिथे गंजलेल्या अर्थिंगमुळे अर्धा व्होल्ट इकडचा तिकडे झाला, तर संगणकाला वेगळंच इंजिन दिसतं. दिव्यांसाठी जो फरक नगण्य होता, तो इथे खोटी साक्ष होतो.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. त्या काळच्या मस्टँगमध्ये इग्निशन कॉइलकडे जाणारी एक गुलाबी वायर आहे. ती मुद्दाम जास्त रोध असलेली बनवलेली आहे, म्हणजे चालू गाडीत कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट न मिळता कमी मिळतात आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट लवकर जळत नाहीत. आता नवा संच बसवणाऱ्याने संगणकाला किल्लीची वीज त्या वायरवरून दिली, तर तो जन्मभर अर्धपोटी राहणार. आणखी एक प्रकार अनेक जुन्या गाड्यांत असतो. रेडिओ किंवा हीटरला वीज देणारी वायर किल्ली ‘स्टार्ट’वर असताना तेवढ्यापुरती बंद होते, कारण सगळी ताकद स्टार्टरला मिळावी. संगणक त्या वायरवर जोडला, तर मजेदार लक्षण दिसतं: सेल्फ मारत राहिलं तर गाडी सुरू होत नाही, आणि किल्ली सोडताक्षणी एखादा आचका देते. नेमकी गरज असते त्या घडीला संगणकाला वीजच नसते.

यात चूक कुणाची? गुलाबी वायर १९६७ साली तिला सांगितलेलं काम आजही चोख करते आहे. संगणकही त्याच्या परीने बरोबर आहे. दोघांना वेगवेगळं तपासलं तर दोघेही निर्दोष सुटतील. दोष त्यांच्या मधल्या नात्यात आहे: एकाची अपेक्षा आणि दुसऱ्याची सवय जुळत नाही. अर्थिंगचा गंज मात्र तसा नाही. तो खराच बिघाड होता. फक्त त्याच्यावर कुणी अवलंबून नव्हतं, म्हणून तो बिघाड म्हणून मोजला गेला नाही.

‘ती येण्याआधी आमच्या घरात कधी आवाज चढला नव्हता.’ नव्या सुनेबद्दल हे म्हटलं जातं तेव्हा ते बहुतेक वेळा खोटं नसतं. आवाज चढला नव्हता, कारण विचारणारं कुणी नव्हतं. ‘तू जॉइन होण्याआधी या टीममध्ये सगळं स्मूथ होतं’ हेही खरं असेल. खर्चाची पावती कुठे आहे, हे आधी कुणी मागितलंच नव्हतं. नवा माणूस जुन्या व्यवस्थेवर एक नवं वजन टाकतो. त्या वजनाने जे तुटतं ते तुटण्याजोगं आधीपासून होतं, याची चौकशी न करता त्याच्यावर ठपका ठेवणं सोपं असतं. कारण तो नवा असतो, दिसतो आणि काढता येतो. गंजलेली अर्थिंग शोधायला गाडीखाली आडवं व्हावं लागतं.

म्हणून नवा नेहमी निर्दोष?

तसंही नाही. नव्याची बाजू घेणं हीसुद्धा आळसाची युक्ती होऊ शकते. इंजेक्टर अडकतात, नवे सेन्सर खराब निघतात, संगणक उष्णतेने दगा देतात. इतिहासात याचा ठळक दाखला आहे. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा काढली आणि १९५८ साली ती क्रायस्लरच्या काही मोजक्या गाड्यांमध्ये बसवली गेली. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालच्या उष्णतेत टिकले नाहीत आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर लावावे लागले. तिथे नवं खरोखर कच्चं होतं. त्याच कल्पनेवर पुढे बॉशने काम केलं आणि १९६७ साली फोक्सवॅगनमध्ये इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर आलं. म्हणजे आपली मस्टँग कारखान्यातून बाहेर पडली त्याच वर्षी.

तेव्हा नवा दोषी की जुना, हे वयावरून ठरत नाही, पुराव्यावरून ठरतं. आणि पुराव्याची गोष्ट निघाली की ऑक्सिजन सेन्सरकडे वळावं लागतं. या गाडीतला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार तोच, आणि सगळ्यात जास्त फसवणारा निकाल त्याच्याच साक्षीवर लागतो.

साक्ष खरी, निकाल चुकीचा

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. हे प्रमाण सांभाळायचं, तर जळून गेल्यावर एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरला ते बघायचं. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलं, उरलाच नाही तर पेट्रोल जास्त झालं. हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोने प्रथम गाडीत आणला, तो बॉशचा होता. आज बाजारातल्या इंजेक्शन संचांची सगळी ‘स्वतः शिकण्याची’ विद्या याच एका साक्षीदारावर उभी असते.

आता एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावरचं गॅस्केट जरासं फाटलं आहे असं धरा. धूर पाइपातून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधे पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तो तसं सांगतो, आणि खरंच सांगतो. संगणक निष्कर्ष काढतो, की पेट्रोल कमी पडतंय. तो पेट्रोल वाढवतो. फट तशीच असते, हवा येतच राहते, पेट्रोल आणखी वाढतं. स्क्रीनवर ‘पेट्रोल कमी’ असं दिसतं आणि प्लग काढून बघावा तर काजळीने काळाकुट्ट.

एखादा प्लग ठिणगीच देत नसेल, गाडी मिसिंग मारत असेल, तरी हेच घडतं. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर जातं, पण त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही जातो. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे कच्चं पेट्रोल वाहून जात असतानाही तो ‘कमी पडलं’ असंच सुचवतो. संगणक आणखी पेट्रोल घालतो, त्याने प्लग आणखी काळे होतात, मिसिंग वाढतं.

आपल्या न्यायशास्त्रात या चुकीला जुनं नाव आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार, हे अनुमान तर्कसंग्रहासारख्या ग्रंथांमुळे सगळ्यांच्या परिचयाचं आहे. पण नैयायिकांनी उलटं अनुमानही तपासलं: अग्नी आहे म्हणजे धूर असणारच का? नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ही जी न सांगितलेली अट आहे, तिला ते उपाधी म्हणतात. अनुमान करताना उपाधी विसरली, की खऱ्या निरीक्षणातून खोटा निष्कर्ष निघतो.

‘ऑक्सिजन उरला म्हणजे पेट्रोल कमी’ या वाक्याच्याही दोन उपाध्या आहेत. सेन्सरपर्यंत पाइपाला कुठेही फट नसावी, आणि आत गेलेलं पेट्रोल खरोखर पेटलेलं असावं. संगणकाला त्या तपासता येत नाहीत. तो त्या गृहीत धरतो. तपासणाऱ्याला मात्र दुसरं प्रमाण उपलब्ध आहे: प्लगचा रंग डोळ्यांनी दिसतो, कच्च्या पेट्रोलचा वास नाकाला येतो, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर फटीतला टकटक आवाज कानाला कळतो. स्क्रीन आणि प्लग परस्परविरुद्ध बोलतात, तिथेच शोधाची सुरुवात असते.

खाण्याची ऑर्डर घेऊन येणारा मुलगा अ‍ॅपवर वीस मिनिटं एका जागी थांबलेला दिसतो. जीपीएस खरं सांगतं, तो थांबलेलाच आहे. ‘म्हणजे आळशी आहे’ हा निष्कर्ष त्यावर आपण चढवतो. सोसायटीच्या वॉचमनने त्याला गेटवर अडवलंय, ही उपाधी नकाशावर दिसत नाही. मोजमाप जितकं अचूक, तितका आपला निष्कर्षावरचा विश्वास वाढतो. अचूकपणा मात्र मोजण्यापुरताच होता.

सांभाळून घेणं

आता मूळ प्रश्न. हा संगणक नेमकं काय करत होता? तो सांभाळून घेत होता.

ठरलेल्या तक्त्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी द्यावं लागतंय, याचा हिशोब तो सतत ठेवतो. पाच टक्के, दहा टक्के, पंधरा. कुठेतरी हवा गळते, पेट्रोलचा दाब थोडा कमी आहे, एक प्लग अशक्त आहे. तो सगळं पोटात घालतो आणि गाडी चालू ठेवतो. चालवणाऱ्याला काही कळत नाही. त्याच्या लेखी सगळं उत्तम चाललेलं असतं. पण दुरुस्तीला मर्यादा असते. ती संपली, की गाडी एकाएकी बिघडल्यासारखी वाटते. बिघाड महिन्यांपूर्वी सुरू झालेला असतो, आणि नाव मात्र इतके दिवस सांभाळून घेणाऱ्याचं येतं.

घराघरात हे घडतं. बहीण, आई, मोठा भाऊ, ऑफिसातली एखादी सहकारी: सगळ्यांचे राग, विसरभोळेपणा, न भरलेली बिलं सांभाळून घेणारं एक माणूस असतं. बाकीच्यांना वाटतं, आपलं घर मुळातच शांत आहे. एक दिवस ते माणूस थकतं, ताटकन् बोलतं, आणि सगळे म्हणतात, ‘हिला अचानक काय झालं?’

सांभाळून घेणं हा गुण म्हणून आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो. तो गुण आहेही. पण तो कोणत्या अटीवर गुण राहतो, हे सहसा शिकवलं जात नाही. कार्ब्युरेटरच्या काळातही कुणीतरी सांभाळून घेतच होतं. थंडीत दोनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, चोक अर्धा ओढायचा, सिग्नलला हलकी रेस धरून ठेवायची; हे सगळं मालक करायचा आणि त्याला ‘गाडीचा स्वभाव’ म्हणायचा. फरक एवढाच, की आपण सांभाळून घेतोय हे त्याला माहीत होतं. त्याच्या पायाला ते रोज जाणवत होतं.

संगणकाचं सांभाळणं दिसत नाही, पण ते लपवलेलंही नसतं. तो टक्क्यांचा आकडा स्क्रीनवर असतो. कुणी बघत नाही, इतकंच. वेग बघतात, तापमान बघतात, हा आकडा बघत नाहीत. मला वाटतं, नैतिक प्रश्न इथे आहे. सांभाळून घेणाऱ्याने मर्यादा संपण्याआधी बोलावं, हा सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. संगणकाला आकडा दाखवायला काही खर्च येत नाही. घरातल्या माणसाला बोलायला खर्च येतो. ‘फार कटकट करते’ हे ऐकावं लागतं, नोकरीत बढती हुकते, कधी घरातली जागाच डळमळते. ज्याच्या बोलण्याला किंमत पडते, त्याच्यावर बोलण्याची जबाबदारी टाकून मोकळं होणं हा न्याय नाही. ज्याचं सांभाळलं जातंय त्याने विचारायला हवं. गाडी मजेत चालतेय तेव्हाच तो आकडा उघडून बघणं, हे मालकाचं काम आहे.

‘चालतंय ना’

या सगळ्याकडे तत्त्वज्ञानाची करमणूक म्हणून बघू नये, याला एक साधं कारण आहे: पेट्रोल.

कार्ब्युरेटरला पेट्रोल पाच-सहा पीएसआय दाबाने पोचलं तरी पुरतं. या संचांमध्ये अनेकदा सुमारे ५८ पीएसआय दाब असतो, जवळजवळ दहापट. जुना रबरी होज पाच पीएसआयवर थेंब थेंब गळतो. तोच होज ५८ला फवारा उडवतो, आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो. म्हणून संगणकात एक शहाणी सोय असते: इंजिन फिरत असल्याचा इशारा थांबला, की तो पंप बंद करतो.

आता एखादी गाडी चालता चालता बंद पडते. कारण असतं इग्निशनच्या वायरींतून येणारा विजेचा गोंगाट. त्याने संगणकाला इंजिनाचे फेरे नीट मोजता येत नाहीत आणि तो पंप थांबवतो. खरा उपाय आहे योग्य प्रकारच्या प्लग वायरी लावणं आणि संगणकाची वायर त्यांच्यापासून लांबून नेणं. पण एक जुगाडही आहे: पंप सरळ किल्लीवर जोडून टाकायचा. तो बंद पडायचा थांबतो. चालतंय ना, मग झालं.

अपघात होईपर्यंत चालतं. मग इंजिन थांबतं, किल्ली चालूच राहते आणि पंप फुटलेल्या नळीतून पेट्रोल ढकलत राहतो. त्या काळच्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्राच डिकीचा तळ असतो. मागच्या सीटवर बसलेल्याला हे माहीत नसतं. पाच वर्षांनी गाडी विकत घेणाऱ्याला तर मुळीच नसतं. जुगाड करणाऱ्याने बिघाड काढला नाही, धोका स्वतःकडून अनोळखी माणसाकडे सरकवला. लक्षण दाबणं आणि कारण शोधणं यांतला फरक कौशल्याचा वाटतो, पण त्याची किंमत कोण भरणार हे विचारलं, की तो नीतीचा होतो.

तपासाचा क्रम

जाणते लोक ही गाडी एका ठरावीक क्रमाने तपासतात. आधी बॅटरी. मग अर्थिंग. मग किल्लीची वायर ‘स्टार्ट’वरही जिवंत आहे का ते. मग पेट्रोलचा दाब, हवेच्या गळती, एक्झॉस्टच्या फटी, प्लगचे रंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. नव्या संगणकावर संशय सगळ्यात शेवटी. त्याच्यावर जीव जडलाय म्हणून हा क्रम नाही. स्वस्त, जुन्या आणि कंटाळवाण्या शक्यता आधी निकालात काढल्याशिवाय त्याच्यावरचा आरोप सिद्धच होत नाही, म्हणून आहे.

‘आधी हे नव्हतं’ या वाक्याऐवजी तिथे एक प्रश्न ठेवता येतो: आधी हे कोण सांभाळत होतं? गाडीत त्याचं उत्तर बरंच सोपं मिळतं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर धरायचं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा शून्याच्या जवळ राहिला तर अर्थिंग धड आहे. अर्धा व्होल्ट दिसला, तर नवा संच परत पाठवण्याआधी पाना घ्यावा, गाडीखाली जावं आणि ती गंजलेली पट्टी सोडवून घासून पुन्हा बसवावी.